दादांना कधी काही दुखलंच नाही

आमचे वडील कालकथित झाले, त्याला या महिन्यात वर्ष होतंय. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला आहे. पत्रिकेत दोन ओळी लिहायच्या म्हणून आम्ही तिघं भावंडं बसलो, तर थोरला म्हणाला, ‘प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ हे तर प्रत्येकाच्या पत्रिकेत असतं.’ धाकटी म्हणाली, ‘मग दादा कसे गेले ते आरोग्याच्या पानाला लिहू. कुणाच्या तरी उपयोगाला येईल.’ म्हणून हे लिहितोय, तिघांनी मिळून. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो.

दादा पुण्याच्या मार्केटयार्डात हमाल होते. आमची वस्ती पर्वतीच्या पायथ्याला. पहाटे चारला उठायचे, पाचच्या आत यार्डात. ट्रक रिकामा करायचा, पोती गाळ्यावर लावायची, पुन्हा टेम्पोत भरायची. पन्नाशी उलटली तरी कांद्याचं पोतं पाठीवर घेऊन तरण्या पोरांच्या पुढं चालायचे. आजारी म्हणून त्यांनी खाडा केलेला आम्हाला आठवत नाही. एकदा पायावर पोतं पडलं तेव्हा चार दिवस घरी होते, तेवढंच.

सुट्टीच्या दिवशी मात्र ते घरात सापडायचे नाहीत. तळजाईच्या टेकडीवर जायचे. आम्ही लहान असताना आम्हालाही घेऊन जायचे, धाकटी खांद्यावर. गिरिपुष्पाच्या झाडांखाली बसून भाकरी-कांदा खायचा, मोर ओरडला की कुठल्या बाजूने ओरडला ते ओळखायचं, आणि उन्हं चढायच्या आत खाली उतरायचं. आजोबा १९७२ च्या दुष्काळात बीडकडून पुण्याला आले तेव्हा दादा आठ वर्षांचे होते. मिलोची लाल भाकरी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी त्यांच्या बोलण्यात यायची, पण त्याहून जास्त यायचा तरोटा. इकडं त्याला टाकळा म्हणतात. पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की तो मोकळ्या जागेत उगवतो. दादा आम्हाला ओळीने बसवून खुडायला लावायचे. ‘शेंड्याची कोवळी पानं तेवढी घ्यायची. फूल धरलं की त्याला हात लावायचा नाही.’ घोळ, तांदुळजा, पाथरी, कुर्डू हे सगळं आम्ही शाळेत नाही, त्यांच्याकडून शिकलो.

आणि स्वयंपाक. आई चार घरची धुणंभांडी करायची. दादा म्हणायचे, ‘दिवसभर दुसऱ्याची भांडी घासून आल्यावर हिनं परत चुलीपुढं का बसायचं?’ त्यामुळे संध्याकाळचं जेवण बहुतेक वेळा त्यांच्याच हातचं. गल्लीतले लोक आधी हसायचे, मग वास आला की वाटी घेऊन यायचे. सुकट ते तव्यावर कोरडीच भाजायचे, चुरचुर वाजेपर्यंत. मग फडक्यात घालून पाखडायची, भरपूर कांदा, हिरवी मिरची, शेवटी दोन आमसुलं. वजडी तर त्यांनीच धुवायची, दुसऱ्याने धुतलेली त्यांना पटायची नाही. १४ एप्रिलला गल्लीचं मोठं पातेलं त्यांच्याकडेच असायचं. पहाटेपासून उलथनं घेऊन उभे, आणि मिरवणुकीला निघायच्या वेळी अंगाला मसाल्याचा वास.

मीठ ते अंदाजाने टाकायचे, आणि तो अंदाज मोठा होता. भाजीत टाकून झालं की ताटात वरून आणखी. सोबत ठेचा, खारे बोंबील, पापड. आई काही बोलली तर म्हणायचे, ‘घाम गाळणाऱ्याला मीठ लागतंच.’ आम्हालाही ते खरं वाटायचं. तंबाखूची पुडी खिशात असायची, ती वेगळी.

दादा ५४ वर्षांचे असताना विहारात आरोग्य शिबिर झालं. मशीनचा पट्टा दंडाला बांधला, तर आकडा आला १७८/१०४. डॉक्टरांनी त्यांना पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजला, तरी १७४. दादा हसले. ‘पोती उचलून आलोय, चढणारच.’ पण दुसऱ्या आठवड्यात महापालिकेच्या दवाखान्यात मोजला तेव्हाही तसाच होता. रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. फुकट मिळत होती, फक्त महिन्यातून एकदा रांगेत उभं राहायचं. दोन महिन्यांनी आकडा १३० वर आला. दादांनी गोळ्या बंद केल्या. ‘उतरलं की! आता कशाला?’

त्या दिवशी आम्ही तिघंही घरात होतो. आमच्यातला एकही जण बोलला नाही.

आमची चूक कुठं झाली, ते आता नीट कळतं. ताप उतरला की तापाची गोळी थांबवतात, तसं बीपीचं नसतं. आकडा खाली आला तो गोळीमुळे. गोळी थांबली की काही दिवसांत तो पुन्हा वर जातो, आणि वर गेलेला कळत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. दादांना पोतं उचलताना धाप लागत नव्हती, मग आजार कुठला? वस्तीत आपण जुन्या नळांवर राहतो, म्हणून हे आपल्याला चटकन समजायला हवं. पाणी जोरात येतं तेव्हा घरातला पाइप ओरडून सांगत नाही. वर्षानुवर्षं जोर सोसून तो आतून खराब होतो आणि एक दिवस कुठंतरी तुंबतो नाहीतर फुटतो. रक्तवाहिन्यांचं असंच होतं. मेंदूत झालं तर लकवा, हृदयात झालं तर हार्ट अटॅक, आणि मूत्रपिंडं तर कुरकुर न करता निकामी होत जातात.

अंगमेहनत करणाऱ्याला बीपी होत नाही हा समज वस्तीत सगळीकडे आहे. हमाली, बिगारी, झाडू मारणं, रिक्षा ओढणं यातून कुणी सुटत नाही. चालणं चांगलंच, दादा तर डोंगर चालायचे. पण मीठ, तंबाखू, पहाटेची अर्धवट झोप आणि बंद केलेली गोळी त्या चालण्याने भरून निघाली नाही.

एक इशारा मिळाला होता. गोळ्या सोडून दोन-अडीच वर्षं झाली होती. तळजाईवरून उतरताना दादांच्या उजव्या हातातली काठी गळून पडली. उचलायला गेले तर बोटं वळेनात, बोलायला गेले तर शब्द सापडेना. दगडावर बसले. दहा मिनिटांत सगळं जागेवर. घरी येऊन त्यांनीच गंमत म्हणून सांगितलं, ‘हात झोपला होता.’ असा येऊन गेलेला छोटा झटका म्हणजे मोठ्याची वर्दी असते, आणि पुढचे दोन दिवस सगळ्यात धोक्याचे. बरं वाटलं तरी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं असतं. आम्ही हळद घालून दूध दिलं.

दहा-बारा दिवसांनी ते झालं. पहाटे चारला दादा उठले, आईला म्हणाले, ‘दार लावून घे.’ चप्पल घालायला वाकले आणि तिथंच कलंडले. तोंड डावीकडं ओढलेलं, उजवा हात-पाय लुळा, तोंडातून नुसता आवाज. गल्ली जागी झाली. ‘अंगावरून वारं गेलं’ असं एक मावशी म्हणाल्या आणि मग ज्याने-त्याने माहीत होतं ते केलं. कुणी कांदा फोडून नाकाला लावला. कुणी लसणाचं तेल गरम करून हातपाय चोळले. आम्हीच चहा पाजला, तो ठसक्याने बाहेर आला. मामा म्हणाले, गावाकडं लकव्याचं औषध देणारा आहे, गाडी करू. उजाडेपर्यंत यातच गेलं. सातला जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. तिथं सलाईन लावलं आणि ‘संध्याकाळपर्यंत बघू’ असं सांगितलं. धाकटी हट्टाला पेटली म्हणून तिथून हलवलं. मोठ्या सरकारी रुग्णालयात पोचलो तेव्हा पावणेअकरा वाजले होते.

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘हे शेवटचे धड कधी होते?’

‘चार वाजता. दार लावून घे म्हणाले.’

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. मग समजावून सांगितलं. बहुतेक झटके मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने येतात. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. कारण काही झटके वाहिनी फुटून रक्तस्राव झाल्याने येतात, त्यात हे इंजेक्शन दिलं तर जीव जाईल. दादांची गुठळीच होती. चार आणि साडेचार, म्हणजे साडेआठ. आमच्या दारातून त्या रुग्णालयाला रिक्षाने वीस मिनिटं लागतात.

गुठळी अडकलेली असते तेव्हा दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, हे धाकटीला नंतर कॉलेजात शिकवलं. ती नर्सिंग करते. त्या रात्री ती जेवली नाही.

तर हे आमच्या घरचं झालं, तुमच्या घरी तरी होऊ नये. एखाद्याला अचानक काही झालं तर त्याला हसायला सांगा, तोंड एका बाजूला जातं का पाहा. दोन्ही हात पुढं करून धरायला सांगा, एक हात खाली येतो का पाहा. आपलं नाव-गाव बोलायला सांगा, जीभ अडखळते का ऐका. अचानक दिसेनासं होणं किंवा तोल जाणं हेही त्यातलंच. यातलं एक जरी असलं तरी घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका फुकट असते. यायला वेळ लागणार असेल तर रिक्षा पकडा. जायचं ते सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच, मधे कुठंही थांबायचं नाही. तोंडात पाणी, चहा, गोळी काहीही घालू नका. गिळण्याची ताकद गेलेली असते, ते फुप्फुसात उतरतं. अ‍ॅस्पिरिनसुद्धा स्कॅन झाल्याशिवाय नाही. एका कुशीवर झोपवा. चोळायचं नाही. उशीर झाला असला तरी न्याच, कारण काही रुग्णांची गुठळी तारेने काढता येते आणि बाकीचे उपचारही लागतात. शिधापत्रिका आणि आधार बरोबर घ्या. सरकारी योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

दादा बारा दिवसांनी घरी आले. त्यानंतर ते दोन वर्षं सात महिने होते, आणि त्या दिवसांबद्दल आम्हाला जास्त लिहायचंय, कारण लकवा झाला की माणूस संपला असं धरून चालणारी घरं आम्ही पाहिली आहेत.

सुरुवातीला ते फक्त ‘हो ना’ एवढंच बोलायचे. पाणी हवं तरी ‘हो ना’, राग आला तरी ‘हो ना’. आम्हाला वाटलं बुद्धीच गेली. एका रविवारी व्हीलचेअरवरून विहारात नेलं, आणि सगळे त्रिसरण-पंचशील म्हणायला लागले तसे दादाही म्हणायला लागले. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता. आई तोंडावर पदर घेऊन रडली. नंतर फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं की असं होतं. नव्याने शब्द शोधून बोलणं मेंदूच्या एका भागाचं काम आहे. पाठ असलेलं म्हणणं, आकडे, वार, गाणी हे दुसऱ्या वाटेनेही येतं. तिथूनच सुरू करा म्हणाल्या. मग रोज संध्याकाळी आम्ही त्यांच्याबरोबर भाकऱ्या मोजायचो, एक, दोन, तीन. सहा महिन्यांत ते ‘मीठ’, ‘माय’, ‘चल’ म्हणायला लागले. पहिला शब्द मीठ होता. आम्ही हसलो, तेही हसले.

व्यायाम करायला त्यांना कंटाळा यायचा, रबरी चेंडू फेकून द्यायचे. आईने चेंडूऐवजी कणकेचा गोळा हातात दिला. तो त्यांनी टाकला नाही. डाव्या हाताने उजव्यावर दाब देऊन मळायचे. मग मटार सोलणं आलं, लसूण आला. थोरल्याने एका फळीतून खालून दोन खिळे वर काढून दिले. त्यात कांदा रोवायचा म्हणजे तो हलत नाही, डाव्या हाताने चिरता येतो. ताटाखाली ओलं फडकं ठेवलं की ताट सरकत नाही. ही फळी अजून घरात आहे, गल्लीत दोघांनी तशीच करून घेतली. पुढच्या १४ एप्रिलला दादा पातेल्याशेजारी खुर्चीवर बसून उलथन्याने दाखवत होते, हे आत्ता टाक, हे नंतर.

काही दिवस फार वाईटही होते. ताट भिरकावायचे. उगाच रडायचे, रडता रडता हसायचे. शेजारी म्हणायचे डोक्यावर परिणाम झाला. लकव्यानंतर मन खचणं हा त्या आजाराचाच भाग आहे, त्याला औषध असतं, आणि आम्ही ते विचारायला वर्ष लावलं. आणखी एक शिकलो, लुळ्या हाताला धरून माणसाला उठवायचं नाही. खांदा सांध्यातून निसटतो. कमरेला धरून उठवायचं. झोपून असेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची. हे सगळं एकट्या आईने केलं, तेव्हा तिची कंबर गेली. आता वाटतं, पाळ्या लावायला हव्या होत्या.

मिठाचा हिशोब आम्ही तेव्हाच केला. माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळ्या जेवणाचं मिळून. पाच माणसांना महिन्याला ७५० ग्रॅम. आमच्या घरी महिन्याला किलोचे दोन पुडे लागायचे. माणशी दिवसाला १३ ग्रॅम. थोडं सांडलं, वाया गेलं असं धरलं तरी दुप्पट. आणि यात फरसाण, वडापाव, पापड, बिस्किटं, मॅगीचा मसाला धरलाच नाही. आता ताटावर बरणी येत नाही. सुकट-बोंबील गरम पाण्यात भिजवून पाणी दोनदा फेकतो, आणि त्या दिवशी भाजीत वेगळं मीठ घालत नाही. लिंबू, आमसूल, चिंच, भाजलेला लसूण वाढवला. कारळ्याची चटणी जवळजवळ अळणी करते आई. पहिले पंधरा दिवस सगळं मातीसारखं लागलं. मग जिभेला सवय झाली, आणि आता बाहेरचं खारट लागतं. दादांना मात्र ते शेवटपर्यंत पटलं नाही. घास घेऊन आईकडं बघायचे आणि बोट दाखवायचे, मीठ.

गेल्या वर्षी त्यांना जेवताना वारंवार ठसका लागायला लागला. त्यातून न्यूमोनिया झाला आणि ते गेले. त्याच्या आदल्या पावसात आम्ही त्यांना रिक्षाने टेकडीखाली नेलं होतं. खुर्चीवर बसले, थोरल्याने खुडून आणलेला टाकळा मांडीवर घेतला आणि डाव्या हाताने निवडायला लागले. जून पानं एकेक करून त्याच्या अंगावर टाकली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात बीपी मोजायची सोय ठेवली आहे. तीस वर्षांवरच्या सगळ्यांनी यावं. मोजायच्या आधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको, पाच मिनिटं टेकून बसायचं, पाय जमिनीवर. वरचा १४० किंवा खालचा ९० च्या पुढं आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचा, तसाच आला तर दवाखाना गाठायचा. मशीन धाकटीने घेतलंय. पहिल्यांदा तिने आमचाच मोजला. थोरल्याचा आला १४८/९६. वय ३४. दोन दिवसांनी पुन्हा मोजला, तरी तेवढाच.

तो म्हणाला, ‘पण मला काही त्रास नाही.’

आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभी राहिली, आणि आणलेली गोळ्यांची पट्टी मिठाच्या बरणीच्या झाकणावर ठेवली. रोज सकाळी तो ती उचलतो तेव्हा ती तिथंच उभी असते.